ॲक्सिलरेटरखालचा लाडू

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक म्हातारा मिस्त्री होता. ऑटोमॅटिक गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो बोले कमी. त्याच्याकडे एक शिष्य होता, अंगाने पैलवान आणि स्वभावाने उतावळा.

एका सकाळी एक व्यापारी आपली मोटार घेऊन आला. म्हणजे पहिल्याच चढावर ती अडली आणि उताराने मागे मागे येत गॅरेजात शिरली. मागच्या सीटवर रुखवत रचलेलं. घाटावर भाचीचं लग्न, मुहूर्त दुपारचा. नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं, आणि मामा इथे घामाने निथळत होता. गॅरेजच्या फोनवरून तो ओरडला, "निघालोय!"

"भटजी थांबायचे नाहीत, दादा!" तिकडून बहीणही ओरडली.

फोन ठेवून तो म्हाताऱ्याकडे वळला. "वस्ताद, काहीतरी करा. ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला. इंजिन बोंबलतंय, पोटात खडे भरडल्यासारखा आवाज येतोय, पण गाडी जागची हलत नाही."

शिष्याने बाह्या सारल्या. "आणखी जोरात दाबून बघू?"

"खाली बस," म्हातारा म्हणाला.

त्याने तेलाची गळती बंद केली, कमी झालेलं तेल भरलं. तेल निवेपर्यंत कोणाला गाडीला हात लावू दिला नाही. मग रुखवताच्या परातीतून बेसनाचा एक लाडू उचलला आणि ॲक्सिलरेटरखाली ठेवला.

"अहो, वरपक्षासमोर मांडायचाय तो!"

"लाडू न फोडता चढायचं."

"आणि फुटला तर?"

"तर भाचीसाठी दुसरा मामा बघा."

व्यापाऱ्याने बूट काढले. श्वास रोखून पाय टेकवला. गाडी मुकाट्याने चढाला लागली आणि बैलगाडीच्या चालीने वळणाआड गेली.

शिष्य थक्क झाला. "वस्ताद, लाडवात काय होतं?"

"बेसन." म्हाताऱ्याने हात पुसले. "नीट ऐक. गाडीच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पाती असतात. एकाला इंजिन फिरवतं, दुसरं चाकांना फिरवतं. दोन्ही एकमेकांना शिवत नाहीत. मध्ये असतं फक्त तेल. पहिलं तेलाला ढकलतं, तेल दुसऱ्याला. दुसरं अडलेलं असताना पहिलं बेभान फिरलं, की तेलाला पात्याबरोबर राहता येत नाही. त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा कोणाला ढकलणार? उलट फुटताना तो पोलाद कुरतडतो. जोर सगळा लागतो, पोचत काही नाही."

"म्हणजे दोष गाडीचा नव्हता?"

"थोडा होता. तेल कमी होतं. बाकीचा पायाचा."

दुपार टळल्यावर फोन वाजला. शिष्याने उचलला. मागे सनई वाजत होती.

"मी नवरीची आई," बाई म्हणाली. "दादा वेळेवर पोचला, मुलीला घेऊन आला, अक्षता पडल्या. पण तुम्ही त्याला केलंत तरी काय? आल्यापासून हळू बोलतोय. आणि गंमत म्हणजे वाढपी त्याचं ऐकतायत!"

शिष्याने फोन ठेवला. दारात कामावरचा नवा माणूस पाना धरून उभा होता. एक बोल्ट निघत नाही म्हणून सकाळपासून शिष्य त्याच्यावर खेकसत होता.

शिष्य उठला, त्याच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "दाखव, कुठे अडलंय?"

ज्याला आपल्याबरोबर न्यायचं आहे, तो अडलेला असताना आपला वेग वाढवू नये.