मिरचीच्या रोपांना ऊन दाखवताना

“पण मग चूक कुणाची म्हणायची, माई? उन्हाची की रोपांची?”

अच्युत मठाच्या अंगणात उभा होता. पायाशी साठ करवंट्या, आणि प्रत्येक करवंटीत मिरचीचं एक रोप मान टाकून पडलेलं. पानं पांढरी पडून कागदासारखी झाली होती.

मठ सांभाळणाऱ्या गोदूमाईंनी एक पान चिमटीत धरलं. त्याचा चुरा झाला.

“उन्हाची नाही,” त्या म्हणाल्या. “रोपांचीही नाही…”

टेकडीवरच्या या मठातून दर वर्षी खाली भोकरवाडीला रोपं जायची. बायका ती परसात लावायच्या; घरची वर्षाची मिरची त्यावर निघायची. यंदा माईंनी हे काम अच्युतवर सोपवलं, तेव्हा मठातल्या सगळ्यांना नवल वाटलं. आठ वर्षांत ज्याने ग्रंथामागून ग्रंथ मुखोद्गत केले, तो आता माती कालवणार?

अच्युत इरेला पेटला. करवंट्या त्याने आपल्या खोलीत, खिडकीशी मांडल्या. दार लावून घेतलं. न चुकता कोमट पाणी घातलं. रोपं भराभर वाढली, वीतभर झाली. सगळ्यांना दिसावीत म्हणून त्याने काल ती भर दुपारी एकदम अंगणात आणून ठेवली.

“मी काही कमी केलं का, माई?”

“छे! वारासुद्धा लागू दिला नाहीस.”

त्याने एक मेलेलं रोप उपटून काढलं.

“पुन्हा पेर,” माई म्हणाल्या.

अच्युत खोलीत परतला. खोलीतून तो हल्ली फारसा बाहेर पडतच नसे. कार्तिकात तो गावात प्रवचनाला गेला होता. आत्मा अमर कसा, हे तासभर सांगून झाल्यावर मागच्या रांगेतून हौसाबाई उठल्या होत्या.

“माजा पोरगा हिरीत बुडून गेला, म्हाराज. त्येच्या आईनं आता काय करावं?”

अच्युतने एक श्लोक म्हटला. मग त्याचा अर्थ सांगितला. हौसाबाई ऐकत राहिल्या, मग पदर सावरून निघून गेल्या. त्यांच्या मागोमाग आणखी चार बायका उठल्या.

त्या दिवसापासून तो मठाचं फाटक ओलांडत नव्हता. कुणी विचारलं तर म्हणे, एकांतात साधना चालू आहे.

दुसऱ्यांदा पेरलेलं बी उगवलं. रोपांना चार-सहा पानं आली, तशा माई त्याच्या दारात आल्या.

“आज घडीभर बाहेर ने. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली. सावलीतच.”

“आणि उद्या?”

“उद्या दोन घटका. मग कोवळं ऊन. पाणी जरा कमी कर.”

“कमी? तहानेनं मरतील ना!”

“मुळं खाली जातील… आणि तिथेच बस. शेळ्या फिरतात.”

फाटकाजवळच पाण्याचं टाकं होतं. गावातल्या बायका तिथूनच घागरी भरून न्यायच्या. अच्युतच्या ते ध्यानात आलं, पण आता नाही कसं म्हणणार?

पहिल्या दिवशी त्याने पोथीतून डोकं वर काढलं नाही. बायका आल्या, कुजबुजल्या, गेल्या. त्याने रोपं उचलली आणि जवळजवळ पळतच आत आला.

तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने हाक मारली, “अरं बाबा, जरा हात लाव घागरीला.” त्याने हात लावला. घागर हिंदकळली, पोथी भिजली. म्हातारी खळखळून हसली. हसू त्यालाही आलं.

पाचव्या दिवशी रोपं कोवळ्या उन्हात होती आणि हौसाबाई आल्या.

अच्युतने पोथीत डोकं घातलं.

त्यांनी घागर खाली ठेवली. रोपांकडे बघितलं.

“मिरची का?”

“हो.”

“ह्ये कलंडलंय.” त्या उकिडव्या बसल्या, अंगठ्याने देठाशी माती दाबली. रोप सरळ उभं राहिलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. इतके श्लोक पाठ, पण एकही जिभेवर येईना.

“नाव काय होतं त्याचं?” त्याने विचारलं.

हौसाबाईंचा अंगठा मातीतच थांबला.

“भैरू,” त्या म्हणाल्या.

आणि मग बोलायला लागल्या. भैरूला पोहता येत होतं. त्याला भाकरीचा करपलेला पापुद्रा आवडायचा. मोठ्या बहिणीच्या लग्नात तो इतका नाचला होता की दुसऱ्या दिवशी पाय सुजले. हे सांगताना त्या मध्येच हसल्या, मग रडल्या. अच्युतचेही डोळे भरून आले. ते त्याने पुसले नाहीत. श्लोक एकही म्हटला नाही.

त्या घागर घेऊन उतरल्या, तेव्हा त्याला भान आलं. ऊन कधीच वर चढलं होतं! करवंट्या रणरणत्या उन्हात होत्या. तो धावला, गुडघ्यावर बसून एकेक रोप बघू लागला.

पानं थोडी मलूल दिसत होती. जळलं मात्र एकही नव्हतं.

पुढे चार दिवसांनी रोपं रात्रंदिवस उघड्यावर राहू लागली. देठ जाड झाले, पानांवर गडद हिरवा रंग चढला. आणि एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, माईंनी ती करवंट्यांतून मातीसकट सोडवून टोपलीत रचली, वर ओलं फडकं घातलं.

“गावात पोचवायची आहेत.”

 अच्युत आत जाऊन पोथी घेऊन आला. एका काखेत पोथी, दुसऱ्या हाताने टोपली कमरेवर धरून तो फाटकापर्यंत गेला आणि थांबला.

“माई…”

“काय रे?”

“हौसाबाईंनी विचारलं होतं, त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.”

त्याने कमरेवरची टोपली सावरली.

“तरी जाऊ?”

माई जवळ आल्या. त्याच्या कमरेवरची टोपली त्यांनी उचलली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि नीट बसली का ते पाहिलं. मग त्याच्या काखेतल्या पोथीवर बोट ठेवलं.

“जा,” त्या म्हणाल्या. “फक्त हात मोकळे ठेव.”