लाल डोळ्यांचे चिंचोके

डोंगराकडच्या एका गावात अंतोबा नावाचे वैद्य राहत. तापाचा कोणता रोगी हाताबाहेर जाणार, हे पहिल्याच दिवशी कळावं, असं त्यांना फार वाटे. म्हणून त्यांनी बारा वर्षं खपून शंभर रोग्यांची टिपणं ठेवली. आधी काय दिसलं, पुढे काय झालं, सगळं. त्यातून एक आडाखा बांधला. जीभ कोरडी पडली तर दोन चिंचोके, डोळे लाल झाले तर तीन. ज्याचे चिंचोके जास्त, त्याच्या जिवाला धोका जास्त. त्याच शंभर जणांवर लावून पाहिला, तर तो बरोबरच आला. राजाने खूश होऊन शाल दिली.

पुढे खाडीकाठच्या मिठागरावर तापाची साथ आली. राजाने अंतोबांना तिकडे धाडलं. मोठा दवाखाना खाडीपलीकडे. होडी एकच, आणि तिच्यात निजवून तिघांनाच नेता येई. अंतोबांनी चिंचोके मांडले. दोघांचे पाच-पाच भरले, तिसऱ्याचे तीन. तिघांना होडीत घातलं.

तेवढ्यात पोशीबाई नावाची म्हातारी धावत आली.

"वैद्यबुवा, माझ्या सुनेला न्या हो. कालपास्नं तिला पाणीबी गिळवत नाय. पोर तीन महिन्यांचं हाय तिचं."

"तिचे दोनच भरले, बाई. डोळे लाल नाहीत तिचे."

"लाल? मग माझे बघा की! मी तं आत्ता दोन भाकऱ्या खाऊन आले."

खरंच, म्हातारीचे डोळे लालभडक होते. तिने मीठ ओढणाऱ्या गड्यांना हाक मारली. दहा-बाराजण आले. सगळे ठणठणीत आणि सगळ्यांचेच डोळे लाल. दिवसभर पांढऱ्या मिठावरचं ऊन डोळ्यांत जायचं, दुसरं काय होणार? सून बाळंतपणापासून घरातच होती, म्हणून तिचे तेवढे स्वच्छ.

"आम्हालाबी न्या बुवा," एक गडी म्हणाला, "तेवढीच विश्रांती!"

सगळे हसले. अंतोबा हसले नाहीत.

"पाणी उतरतंय," नावाडी म्हणाला. "सोडू का होडी?"

अंतोबांना बारा वर्षं आठवली. अंगावरची शाल जड वाटली. एवढ्या लोकांसमोर चुकलो म्हणायचं, तर जीभ रेटेना.

"थांब," ते शेवटी म्हणाले. "माझा आडाखा डोंगरातला आहे. इथे तो चुकतोय."

त्यांनी लाल डोळ्यांचे चिंचोके काढून टाकले. तिसऱ्यापाशी एकही उरला नाही. तो आपणहून उठला. "मी मघापास्नं सांगतोय, मला नुसती भूक लागलीय," म्हणत खाली उतरला. त्याच्या जागी सुनेला निजवलं. पंधरा दिवसांनी ती आपल्या पायांनी घरी आली.

अंतोबा चार महिने मिठागरावर राहिले आणि नव्याने टिपणं ठेवू लागले.

पुढच्या साली विणकरांच्या गावात साथ आली. लोक रोग्यांच्या बाजा घेऊन दारात उभे. अंतोबा म्हणाले, "आधी ज्यांना ताप नाही, अशी माणसं दाखवा."

"धडधाकटांना औषध देता की काय, बुवा?" एका म्हाताऱ्या विणकराने टोमणा मारला.

"नाही बाबा. इथला धडधाकट माणूस कसा दिसतो, ते पाहिल्यावाचून इथला आजारी मला ओळखता येणार नाही."

तात्पर्य: एका ठिकाणच्या माणसांवरून बांधलेला आडाखा दुसरीकडे लावण्याआधी तिथल्या निरोगी माणसांवरही तपासावा, आणि चुकला असं दिसलं, तर चारचौघांत कबूल करायला लाजू नये.