पावणाईच्या घंटेचा दिवा

हात खाली घ्या, दादा. देवळात आलेला प्रत्येक पाहुणा असाच वर हात नेतो आणि मग ओशाळून इकडेतिकडे बघतो. आडबंदरच्या पावणाई देवीला घंटा नाही. वर नुसती कडी आहे, आणि ती रिकामीच ठेवायची असा गावाचा नेम आहे. आरतीला आम्ही टाळ्या वाजवतो. घंटा कुठे गेली ते बघायचे असेल तर बाहेर या. समोर टेकडी दिसते ना? तिच्या माथ्यावर कमरेइतका उंच दिवा उभा आहे. तीच आमची घंटा.

मी इथला गुरव. वडिलांकडून ऐकले तसे सांगतो, पदरचे काही घालत नाही.

फार जुनी गोष्ट. तेव्हा टेकडीवर दगडी दीपमाळ होती म्हणे. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, अंधारात तिचा उजेड बघूनच खडक चुकवून खाडीत शिरायचा. एका आश्विनात सांजवेळी असा वारा सुटला की दीपमाळेवरची एकही पणती टिकेना. होड्या खडकावर फुटल्या. भागी तांडेलीण म्हणून एक होती. तिचा नवरा त्या दिवशी गेला, आणि पाठचा भाऊही गेला.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा आली. गावाने समुद्राला नारळ दिला, होड्या सजवल्या आणि भागी होडीच्या पुढ्यात वाळूवर आडवी झाली. तिचा एकुलता एक मुलगा, जिवा, त्या होडीवर चढला होता. ती म्हणाली, "वाऱ्यान विझाचो नाय असो दिवो डोंगरार लागल्याशिवाय ही होडी पाण्यात जावची नाय. घालवची असात तर माझ्या अंगावरसून घालवा." तिचे बघून गावातल्या साऱ्या बायका आपापल्या होडीपुढे जाऊन बसल्या. समुद्रावर जगणारे गाव ते. होड्या कोरड्या आणि चुली थंड, असे दिवस आले.

रवळू कासार गावचा ओतारी, म्हणजे धातू ओतून वस्तू घडवणारा. त्याने नाना तऱ्हेचे दिवे करून पाहिले. उघडा ठेवला की वारा विझवी, झाकला की आतल्या आत गुदमरे. त्याच्या पडवीत तेव्हा एक परदेशी माणूस राहत होता. मसूद त्याचे नाव, इराणच्या पलीकडच्या हेरात शहरातला धातूचा कारागीर. घोडे विकायला आणणाऱ्या जहाजातून आला, तापाने फणफणला, आणि जहाजवाले त्याला किनाऱ्यावर टाकून गेले. रवळूच्या घरच्यांनी पेज पाजून त्याला उठवला. गाव त्याला उस्ताद म्हणे. त्याच्या बोचक्यात हत्यारे होती आणि एक पितळी दिवा होता, त्याच्या बापाने पत्रा ठोकून घडवलेला. अंगावर चांदण्यांची जाळी, वेलबुट्टीत चांदीची तार आणि वर एक पक्षी. एवढेच त्याचे घर.

रवळूची तगमग बघून उस्तादाने तो दिवा पेटवला आणि भर वाऱ्यात नेऊन ठेवला. एकात एक अशा दोन जाळ्या होत्या, आणि भोके समोरासमोर नव्हती. वारा आत शिरताना मोडे, पण ज्योतीला लागेल तेवढी हवा पोचे. ज्योत वाकली, बारीक झाली आणि पुन्हा उभी राहिली.

पण तो दिवा वीतभर. समुद्रातून दिसायचा तर मोठा हवा, आणि तेवढा धातू गावात एकाच ठिकाणी होता, देवळातल्या घंटेत. रवळूच्याच बापाने ओतलेली ती घंटा. तिला हात कोण लावणार? आमच्या पूर्वजाने देवीला कौल लावला, म्हणजे मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवून हुकूम मागितला. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कुठलीच पडेना. तेव्हा भागी पुढे झाली. "देवीक घंटा कित्याक व्हयी? तिका सगळा ऐकाक येता. समुद्रात आमच्या माणसांका दिसना नाय, ता बघा." तिचे बोलणे संपले आणि उजवी कळी पडली, असे सांगतात.

घंटा फोडली तेव्हा रवळू लहान पोरासारखा रडला. उस्तादाने तिचा एक तुकडा ठोकून पाहिला, तर तो तडकला. घंटेचे कांसे ठिसूळ, ते त्याच्या हातोडीचे घाव सोसेना. मग दोघांनी वाट काढली. उस्तादाने आपली जाळी मेणात कोरली, आणि रवळूने त्या मेणावर माती लिंपून, मेण वितळवून त्या जागी आपल्या रीतीने धातू ओतायचे ठरवले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण भांडण रोजचे. उस्तादाने खाली वाघाचे पंजे काढले. रवळू म्हणे, "वाघाचे पाय कित्याक? दिवो काय पळान जातलो?" त्याने ते मोडून हत्तीचे केले आणि बुडाशी कमळ बसवले. उस्ताद दोन दिवस भट्टीकडे फिरकला नाही. आज मोठमोठे जाणकार येतात, जाळी तिकडची आणि बैठक इकडची म्हणून सांगतात. आम्हाला ते आधीपासून ठाऊक आहे.

ओतकाम झाले आणि वरच्या पक्ष्यापुरता धातू कमी पडला. त्याशिवाय दिव्याचे तोंड बंद होईना. उस्ताद उठला, बापाचा दिवा छातीशी धरून थोडा वेळ उभा राहिला आणि त्याने तो मुशीत सोडला. म्हणून खालचे अंग काळसर आणि पक्षी पिवळा आहे. जवळ जाऊन बघा.

दिवा टेकडीवर लागला आणि होड्या समुद्रात गेल्या. आश्विनात पुन्हा तसाच वारा सुटला. सारे गाव टेकडीवर होते. समुद्र काळा, आभाळ काळे, आणि मधे तो एक दिवा. तो विझला नाही. खाडीत एकेक होडी शिरली, आणि शेवटच्या होडीतून जिवा उतरला. म्हणाला, "आये, माका दिवो नाय दिसलो. ढगात उजेडाचो पक्षी दिसलो. तेच्या पाठसून इलंव." बाकीच्यांनीही तेच सांगितले म्हणे.

कार्तिकात जहाज आले. आपल्या मुलखाला परतायला उस्तादाने बोचके बांधले. त्या दिवशी भाऊबीज होती. भागी ताट घेऊन कासाराच्या पडवीत आली, त्याला पाटावर बसवले आणि ओवाळले. त्याला काही समजेना. ओवाळणी घालायची असते, हे रवळूने खुणेने सांगितले. त्याने बोचके उपसले. द्यावे असे काहीच नव्हते. मग त्याने आपल्या छिन्न्या आणि हातोडी भागीच्या ताटात ठेवली. हत्यारांवाचून कारागीर कुठे जाणार? जहाज त्याला न घेताच गेले. टेकडीवर दिव्याशेजारी कबर आहे, ती त्याची.

आजही भाऊबीजेला आडबंदरच्या बायका आधी टेकडी चढून त्या दिव्याला ओवाळतात आणि मग घरी येऊन भावांना. तुम्ही त्या दिवशी आलात तर जरूर वर चला. फक्त त्या ताटात पैसे घालू नका. त्या भावाची ओवाळणी घालून झाली आहे.