कालवशेत थोरलं की शिंपलवाडी?

राजे धुरंधररावांनी खाडीकाठी छत्री रोवली आणि हुकूम सोडला, "कालवशेत जुनं की शिंपलवाडी? जुन्या गावाला दगडी धक्का. पण निकाल असा हवा, की दोन्ही गावांत एकानंही कुरकुर करता कामा नये. भरती ओसरायच्या आत निकाल लागला नाही, तर धक्काही नाही आणि होडीही बंद!"

होडीवाल्या आवडीच्या हातातलं वल्हंच निसटलं. खाडीत होडी एकच, तिची. गोड्या पाण्याची विहीर कालवशेतात, बाजार शिंपलवाडीत. होडी थांबली तर एक गाव उपाशी, दुसरं तहानलेलं, आणि आवडी दोन्ही.

कालवशेतचे बाबल पाटील सरसावले. "महाराज, आमची विहीर चारशे वर्षांची."

"आमचं देऊळ पाचशे," शिंपलवाडीचे राघो खोत म्हणाले.

"विहिरीआधी दोनशे वर्षं आम्ही शहाळ्यांवर काढली."

"देवळाआधी आमचे देव तीनशे वर्षं उघड्यावर बसले होते."

दुपारपर्यंत दोन्ही गावं समुद्रापेक्षा जुनी झाली. पाणी उतरायला आलं, तशी आवडी पुढे झाली.

"महाराज, आपल्या किनाऱ्याची रीत आहे. नारळी पुनवेला थोरल्यानं धाकट्याला जेवू घालायचं, पाहुण्यांसकट. पुनव उद्याच आहे. आपल्याबरोबर माणसं किती?"

"सातशे. आणि दोन हत्ती."

"हत्ती नारळीभात खातात?"

"घमेल्यानं."

पाटील खाकरले. "महाराज, चारशे वर्षांचं ते पाणी. विहीर परवाच खणली."

"आमचं देऊळ तर अजून ओलं आहे," खोत घाईनं म्हणाले. "हात लावू नका, चुना लागेल."

"आम्ही अजून गाठोडीसुद्धा सोडलेली नाहीत!" पाटील म्हणाले.

राजे चक्रावले. "सकाळी दोघंही थोरले, आता दोघंही धाकटे. बाई, मी काय समजायचं?"

"जुळी समजा, महाराज. जुळ्यांना पाळणा एकच, तो म्हणजे माझी होडी. पण पाळण्याला दोन्हीकडून आधार लागतो. धक्क्याचे दगड दोन्ही काठांना निम्मे-निम्मे वाटा."

"आणि कुणी कुरकुरलं तर?"

"जो कुरकुरेल तो थोरला."

दोन्ही गावांनी तोंडं घट्ट मिटली. खोतांना खोकला आला होता, तोही त्यांनी गिळला.

"मग उद्याचं जेवण कोण घालणार?" राजांनी विचारलं.

"सगळ्यांत थोरले छत्रीखाली बसलेत की."

राजे इतके हसले, की छत्री कलंडून खाडीत गेली. आवडीनं ती वल्ह्यानं ओढून आणली. राजांनी छत्री तिलाच देऊन टाकली, आणि छत्री शोभेल अशी नवी होडीसुद्धा.