कोंडाईची हाक

फार फार मागे नदीकाठच्या टेकाडावर धामणटेक नावाचं नांदतं गाव होतं. आता तिथे नुसते उंचवटे आहेत, गवतात जोत्याचे दगड पायाला लागतात. त्या गावात कोंडाई सुईण होती. तिचा हात लागला की अडलेली बाई सुटायची, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात गावात पटकीची साथ शिरली. माणसं पटापट जायला लागली, तेव्हा पंचांनी ठरवलं, नदीपलीकडे वस्ती करायची. रोगाचं गाव सोडताना मागून हाक आली तर ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही. रोगराई ओळखीच्या आवाजात बोलावते. ही रीत पोराबाळांना कोंडाईनंच पढवलेली.

गाड्या जुंपल्या आणि नेमकी शेवटच्या घरातली बनू अडली. तिचा नवरा पटकीनं गेलेला. मूल आडवं होतं. बनूला मागून धरायला कुणीतरी हवं होतं, नाहीतर दोघंही जाणार. कोंडाई दारात आली आणि तिनं हाक मारली, "अगं, एकजण तरी मागं फिरा गं. पोरगी मरतीय माझ्या हातात."

सगळ्यांनी ऐकलं. बायकांचे पाय अडखळले. सटवाजी पाटील म्हणाला, "चला. कोंडाई पुढच्या गाडीत आहे. ही ती नव्हे." पुढच्या गाडीत कुणी पाहिलं नाही.

कोंडाई उंबऱ्यावर जराशी थांबली. "बरं ध्यानात ठेवलंत, मेल्यांनो," म्हणाली आणि आत गेली. तेव्हा घराची भिंतच पुढे सरकली आणि तिनं बनूची पाठ धरली, असं म्हणतात.

पलीकडे नवटेक वसलं, पण तिथे जन्मलेलं मूल रडेना. डोळे उघडे, श्वास चालू, आवाज नाही. जणू कान देऊन काहीतरी ऐकतंय. जात्याच्या घरघरीत, रिकाम्या घागरीत तीच हाक यायची, असं म्हणतात. सटवाजीला नात झाली, तीही तशीच. मग म्हातारा भर दुपारी नदीवर गेला आणि जुन्या गावाकडे तोंड करून ओरडला, "ओ, कोंडाई! आलो गं!"

त्याच्या पाठीमागे गावातली सगळी मुलं एकदम रडायला लागली.

तो पाण्यातून टेकाडावर गेला. लिंबाखाली बनू बसली होती, मांडीवर मुलगी. कोंडाईमावशी रोज दारात उभी राहून हाक मारायची, असं तिनं सांगितलं. "आत्ता तुमची ओ आली, तशी म्हणाली, सुटले बाई. मी वर बघितलं तर दारात कुणीच नाही."

धामणटेकात पुन्हा कुणी राहायला गेलं नाही. नवटेकात मात्र बाई अडली, की घरातलं एकजण नदीवर जाऊन कोंडाईला ओ देऊन येतं. आणि गावातून वरात निघो नाहीतर एसटी, वेशीबाहेर थांबतेच. ड्रायव्हर नवा असला तर कुरकुरतो. त्याला सांगावं लागतं, "एकदा मागं बघून घ्या, राव."