कपाळाच्या वर चार बोटं

“सख्खी आई पाया पडली तर काय करायचं असतं, बाबा?”

धुंडाबाबा तांदूळ निवडत बसले होते. त्यांचा हात थांबला नाही.

“कुणाची आई?”

“माझी. आत्ता. फाटकात.”

...

वामन दोन वर्षांपूर्वी रावेरकडच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. नोकरी सोडून सातपुड्याच्या पायथ्याच्या या मठात आला आणि बाबांचा शिष्य झाला. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत होतं. बाकीच्या शिष्यांना तो मनातल्या मनात ‘नारळ फोडणारी मंडळी’ म्हणायचा.

आज मात्र तो झाडांचं पाणी अर्धवट टाकून बाबांकडे आला होता.

“कधी आली?” बाबांनी विचारलं.

“दुपारच्या एसटीनं. मी झाडांना पाणी घालत होतो. फाटकात एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, हातात पिशवी. मी म्हटलं, कोण पाहिजे, बाई?”

बाबांनी एक खडा बाजूला टाकला.

“मग?”

“बोलेचना. नुसती बघत राहिली असेल. मग पिशवी खाली ठेवली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. म्हणाली, तुमचं चालू द्या, महाराज. मांडे आणलेत, गोड मानून घ्या... आवाजावरून कळलं मला. तोवर ती वाकलेली होती.”

“हाक मारायची.”



हाक वामनच्या ओठांपर्यंत आली होती, हे खरं. पण त्याच वेळी त्याला बरंही वाटलं होतं. आई आपल्याला अहोजाहो करते, म्हणजे आपण कुणीतरी झालो, असं एक क्षण वाटून गेलं. तेवढ्यात ती वळली आणि चारची गाडी धरायची म्हणून पिंपळाच्या पारावर जाऊन बसली. त्या एका क्षणाची आता त्याला किळस येत होती.

“तोंड दिसलं नाही तिचं,” तो म्हणाला. “लुगड्याचा काठ दिसला. बांगड्या दिसल्या. तोंडाच्या जागी काहीच नाही.”

“काळं?”

“काळं नाही. पुसल्यासारखं.”

“हं,” बाबा म्हणाले. “पुसल्यासारखं.”

...

आता मठातली एक गोष्ट सांगायला हवी. धुंडाबाबा कधी कुणाच्या डोळ्यांत बघत नसत. समोर आमदार असो की मेंढपाळ, बाबांची नजर त्याच्या कपाळाच्या वर चार बोटं. पंचक्रोशीत म्हणायचे, बाबा माणसाकडे बघतच नाहीत, त्याचं नशीब वाचतात. तरुणपणी एक्केचाळीस दिवस उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघितलं, तेव्हा म्हणे ही दृष्टी मिळाली. या गोष्टीला बाबांनी कधी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. निम्मे शिष्य आरशासमोर बसून तसं बघायची तालीम करायचे, आणि आपण पोचलो असं समजून एकमेकांना धडकायचे.

वामनने असली नक्कल केली नाही. त्याने सरळ मूळ साधनाच धरली. बाबांचे एक्केचाळीस, म्हणून आपले बेचाळीस. तेही नुसता उगवतीचा कोवळा सूर्य नव्हे. सूर्य चांगला वर चढून न्याहारीची घंटा होईपर्यंत. रोज, मागच्या टेकडीवर, कुणाला न सांगता.

बेचाळिसावा दिवस होऊन आठवडा झाला होता.

...

“परवा तालुक्याला गेला होतास,” बाबा म्हणाले. “डॉक्टर काय म्हणाला?”

“आता त्याचं काय, बाबा...”

“सांग.”

तांदळातली बोटं पहिल्यांदा थांबली. वामनला नवल वाटलं. दोन वर्षांत बाबांनी त्याला एकदाही असं काही सांगायला लावलं नव्हतं.

“डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पडदा असतो. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. त्यात कोट्यवधी पेशी. उजेड पडला की पेशीतलं एक द्रव्य मोडतं. ते मोडलं की खबर पुढे मेंदूकडे जाते. मग ते द्रव्य परत तयार होतं.”

“परत तयार होतं?”

“रोजच्या उजेडात होतं. सूर्य नुसतं द्रव्य मोडत नाही, बाबा. पेशीच जाळतो.”

“पुढं.”

“पडदा सगळीकडे सारखा नसतो. कडेच्या पेशींना एवढंच कळतं, की काहीतरी हललं, कुणीतरी आलं. अंधारात वाट त्याच दाखवतात. बारीक बघायचं काम मधल्या एका ठिपक्याचं. मोहरीएवढा असेल. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचं तोंड ओळखणं, सगळं त्या मोहरीत. आपण ज्याच्याकडे बघतो ते बरोबर तिथंच पडतं. आणि मी सूर्याकडे बघत होतो.”

“आणि दुखलं कसं नाही?”

“मीही तेच विचारलं. पडद्याला दुखतच नाही, म्हणाले. जळत असला तरी कळ येत नाही. आणि जिथं पेशी गेल्या, तिथं मेंदू आजूबाजूचा रंग ओढून लावतो. म्हणून भोक दिसत नाही. भिंत असली तर भिंत पुरी दिसते.”

“असं आहे होय,” बाबा हळूच म्हणाले. “असं आहे...”

बाहेर पिंपळावर साळुंक्या भांडत होत्या.

“मग परत येतं का?”

“काहींना येतं थोडंफार. सहा महिन्यांत आलं तर आलं, म्हणाले.”

“आणि चाळीस वर्षं झाली असतील तर?”

...



समोरचं तांदळाचं ताट वामनला तिरक्या नजरेनं दिसत होतं. बाबांचं तोंड ताटाकडे नव्हतंच. ताटाच्या पलीकडे, जमिनीकडे होतं. खडे बोटांनीच शोधले जात होते. दोन वर्षं त्याने हे रोज बघितलं होतं, आणि हा वैराग्याचाच काही प्रकार असेल असं धरून चालला होता.

“बाबा... तुम्ही?”

“माझ्याकडं बघ.”

“दिसत नाही.”

“सरळ नको बघू. कपाळाच्या वर चार बोटं बघ. डोळे खाली ओढतील. ओढू देऊ नको. धर तिथंच... आता?”

वामनने डोळे धरले. कितीतरी दिवसांनी त्याला एक तोंड दिसलं. गढूळ पाण्यातून दिसावं तसं. एक म्हातारा होता, गालफडं बसलेला, दाढी कशीही वाढलेली. तो रडत होता की नाही, तेवढं बारीक मात्र दिसत नव्हतं.

“हे डॉक्टरांनी सांगितलं नाही,” वामन म्हणाला.

“त्यानं कुठं काढलीत चाळीस वर्षं.”

वामनला संताप आला. इतका की ते ताट उचलून अंगणात भिरकावून द्यावंसं वाटलं.

“मग सांगितलं का नाहीत? एकदा तरी? मी टेकडीवर काय करतो ते ठाऊक नव्हतं तुम्हाला?”

“आधी नव्हतं. एक दिवस तू मला पाणी द्यायला आलास. माझ्या हातापासून वीतभर बाजूला तांब्या धरलास. तेव्हा कळलं.”

“कितवा दिवस?”

“सतरा-अठरावा असेल.”

“म्हणजे पुढचे पंचवीस दिवस...”

“हो.”

“थांब म्हणाला असतात तर थांबलो असतो, बाबा!”

“हो. थांबला असतास.”

“मग का?”

...

“तुला सांगायचं, तर आधी माझं सांगावं लागलं असतं.”

एवढं बोलून बाबा पुन्हा तांदळाला लागले. वामन तसाच उभा राहिला. या माणसाच्या पायांशी त्याने दोन वर्षं काढली होती. शाळा सोडली होती, रंगांच्या बाटल्या पोरांना वाटून टाकल्या होत्या. शिवी द्यावी म्हटलं तर शिवी आठवेना. त्याला फक्त भयंकर एकटं वाटत होतं.

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

वामन दाराशी गेला. पाराजवळ काहीतरी हिरवं हललं. डोळ्याच्या कडेनं तेवढं बरोबर टिपलं. कुणीतरी उठलं होतं.

“जाऊन सांगतो तिला,” तो म्हणाला. “सांगतो की आई, मी कसला महाराज, मला दिसत नाही गं. तुझं तोंड दिसलं नाही म्हणून कोण पाहिजे विचारलं.”

पण त्याचे पाय उंबऱ्याशीच राहिले.

दोन वर्षं गावात आईनं काय काय ऐकून घेतलं असेल, ते त्याला माहीत होतं. धडधाकट पोरगा, सरकारी पगार, आणि पळून गेला म्हणे गोसाव्यांत. आज पहिल्यांदा ती गावात सांगणार होती, की माझा वामन फार मोठा झाला, इतका की आईलाही आई म्हणून बघत नाही. हे तिच्या हातातून काढून घ्यायचं, आणि त्याबदल्यात द्यायचं काय? एक आंधळा मुलगा, जो तिच्यासमोर खोटा उभा राहिला. नाही सांगितलं, तर ती सुखानं जाईल. पण मग परत कधीच ती ‘अरे वाम्या’ म्हणायची नाही.

गाडी पिंपळाखाली येऊन थांबली. हिरवं लुगडं गाडीकडे सरकू लागलं.

“तेव्हा तुमच्याकडे कुणी आलं होतं का, बाबा?” मागं न वळता वामननं विचारलं.

“आली होती. बायको.”

“ओळखलीत?”

“आवाजावरून.”

“पाया पडली?”

“पडली.”

कंडक्टरनं आतून घंटी मारली. एकदा. दुसरी वाजली की गाडी सुटणार.

“मग तुम्ही काय केलंत?”

तांदळातला हात थांबला.

...

“आशीर्वाद दिला.”