गोजरीच्या भावाचं नाव

वेळूवाडीच्या टोकाला, जिथे पायवाट संपून रान सुरू होतं, तिथे गोजरीचं घर होतं. घर कसलं, बांबूच्या कामट्यांचं एक इवलंसं खोपटं! कुडाला फटी इतक्या की सकाळी उन्हाच्या सोनेरी काड्या आत येऊन जमिनीवर पसरायच्या, आणि वाराही कुणाला न विचारता आत यायचा.

गोजरी आठ वर्षांची होती. तिचे बाबा, हरबा, दिवसभर टोपल्या आणि सुपं विणायचे आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावरून विकायला न्यायचे. आई, अनशी, अंथरुणावर होती. अकराच दिवसांपूर्वी तिला बाळ झालं होतं, आणि तिच्या अंगात उठून बसण्याचीही ताकद उरली नव्हती. म्हणून पाणी भरायचं गोजरीने, भांडी घासायची गोजरीने, भाकरीही गोजरीनेच थापायची. तिची भाकरी कधी करपायची, कधी मधेच कच्ची राहायची. पण आई म्हणायची, "गोड झालीय गं, गोजरे."

या सगळ्याचं गोजरीला काही वाटायचं नाही. तिला काळजी होती ती बाळाची.

बाळ फारच छोटं होतं. तांदळाच्या दाण्यांएवढी त्याची नखं, करवंदाच्या फुलासारखे नाजूक कान. पण ते जन्मल्यापासून एकदाही रडलं नव्हतं. त्याने डोळेही उघडले नव्हते. कापसाच्या बोळ्याने ओठांवर दूध पिळलं तर तेवढं गिळायचं आणि पुन्हा गप्प पडून राहायचं.

वाडीतली सुईण भागाबाई रोज येऊन बघून जायची. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "उद्या बारसं करून टाका. पोर अजून पुरतं इकडे आलेलं नाही. आपल्या नावाची हाक ऐकली, तर येईल."

"बळवंत ठेवू या," बाबा म्हणाले. ते पाळण्यापाशी वाकले. "बळवंता! ए बळवंता!"

बाळ हललं नाही.

"एवढंसं तर आहे," आई हळूच म्हणाली. "एवढं मोठं नाव त्याला कसं पेलवेल?"

मग भागाबाईने पाच-सहा नावं घेऊन पाहिली. शेजारच्या बायकांनीही घेतली. एकाही नावाला बाळाची पापणी हलली नाही. शेवटी भागाबाई म्हणाली, "नाव ठेवायचा मान आत्याचा. हरबाला तर बहीण नाही. पण बाळाला आहे ना! गोजरे, तूच निवड नाव, आणि उद्या तूच त्याच्या कानात सांग."

गोजरीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाळण्याला बांधायला फुलं आणण्यासाठी रानात निघाली. निघताना म्हणाली, "आई, मी नाव घेऊनच येते बघ."

चैताचे दिवस होते. पांगारा लालेलाल फुलला होता. करवंदीच्या जाळ्यांवर पांढऱ्या चांदण्या सांडल्या होत्या. चिमुकले जांभळे शिंजीर पक्षी एका फुलावरून दुसऱ्या फुलावर टुणटुण उड्या मारत होते. गोजरी फुलं खुडत होती आणि प्रत्येक फुलागणिक एक नाव मनात म्हणून पाहत होती. एकही नाव तिला आपल्या बाळाचं वाटेना.

चालता चालता ती एका झऱ्यापाशी आली. झरा कुठला! सगळीकडून गळालेल्या पानांनी तो पार बुजून गेला होता. पानांखाली पाणी गुदमरल्यासारखं बुडबुड करत होतं. काठावरची इवली इवली निळी फुलं माना टाकून पडली होती.

गोजरीला घरी जायची घाई होती. तरीही तिने फुलांची परडी खाली ठेवली, परकर खोचला आणि दोन्ही हातांनी पानं उपसायला लागली. कुजकी पानं, काटक्या, चिखल. तिचे हात कोपरांपर्यंत काळे झाले. बऱ्याच वेळाने शेवटचा लगदा निघाला, आणि पाणी खळाळून बाहेर उसळलं! उन्हात त्याचे शिंतोडे उडाले. त्या शिंतोड्यांत तांबडं, पिवळं, हिरवं, निळं असं एक चिमणं इंद्रधनू उमटलं, आणि त्या इंद्रधनूवरून घसरगुंडी करत एक परी खाली आली.

ती गोजरीच्या वितीएवढीच होती. तिचा झगा झऱ्याच्या पाण्यासारखा झुळझुळत होता. पंख चतुराच्या पंखांसारखे पारदर्शक होते आणि केसांत दवाचे मणी लुकलुकत होते.

"केवढं बरं वाटलं गं!" परीने दीर्घ श्वास घेतला. "किती दिवस त्या पानांखाली अडकले होते मी. तुझं नाव काय, बाळे?"

"गोजरी."

"गोजरी! शोभतं हो तुला. आता माग काय हवं ते. पैंजण मागशील? रेशमी परकर? की न गळणारं घर?"

गोजरीने आपल्या चिखलाच्या हातांकडे पाहिलं. पैंजण तिला फार आवडायचे. पण ती म्हणाली, "परीबाई, मला माझ्या भावासाठी नाव हवं. असं नाव, की ते ऐकून तो डोळे उघडेल."

परीचा चेहरा मऊ झाला. ती झऱ्यावर झुकली आणि पाण्यातून तिने एक कळी काढली. मोत्याएवढी, दुधासारखी पांढरी, मिटलेली कळी. ती तिने गोजरीच्या तळहातावर ठेवली.

"या कळीत नाव आहे. बाळाच्या कानाशी धरलीस की ती उमलेल आणि नाव आपोआप तुझ्या जिभेवर येईल. ज्याच्या कानात ते पहिल्यांदा पडेल, तो जगाकडे वळेल. पण नीट ऐक हं. कळी एकदाच उमलते. सूर्य डोंगराआड जायच्या आत ती उमलली नाही, तर विरून जाते. आणि एका माणसाला मी एकच कळी देऊ शकते. पुन्हा मागायला येऊ नकोस, राणी. माझ्यापाशी नसेल."

"नाही येणार," गोजरी म्हणाली. तिने मूठ मिटली, परडी उचलली आणि ती पळत सुटली.

रान संपलं, गाडीवाट लागली. वाटेवर एका झाडाखाली एक गाडी सोडलेली होती. गावोगाव फिरून विळे-खुरपी घडवणाऱ्या लोकांची ती गाडी. चाकाला टेकून एक बाई बसली होती आणि मांडीवरच्या गाठोड्याकडे बघून हमसून हमसून रडत होती.

गोजरी थांबली. "काय झालं, मावशी?"

"माझी लेक गं," बाई म्हणाली. "पहाटे वाटेतच झाली. आता बघ कशी गार पडलीय. हिचा बाप वैदूला आणायला पळाला. पण तोवर..."

गाठोड्यात एक मुलगी होती, गोजरीच्या भावाहूनही लहान. तिचे ओठ निळसर झाले होते. श्वास येत होता, थांबत होता. मग बराच वेळ आलाच नाही, आणि मग एक बारीकसा आला.

"हाक मारा ना तिला!" गोजरी म्हणाली.

"काय म्हणून मारू? हिला अजून नावसुद्धा नाही."

गोजरीची मूठ घट्ट झाली. तिला आपला पाळणा दिसला, आईचा सुकलेला चेहरा दिसला. 'मी नाव घेऊनच येते,' असं ती म्हणाली होती. ती वळली आणि घराच्या दिशेने चालू लागली. दहा पावलं गेली. पाय पुढे उचलेचनात.

आपलं बाळ दूध तरी गिळतं, तिच्या मनात आलं. ही तर आत्ताच चाललीय.

ती धावतच मागे आली. गुडघ्यांवर बसून तिने ती कळी त्या मुलीच्या चिमण्या कानाशी धरली. कळी थरथरली. एक पाकळी उघडली, मग दुसरी, मग तिसरी. साऱ्या वाटेवर गोड वास दरवळला, आणि गोजरीच्या जिभेवर एक नाव आलं.

"चैती!" ती म्हणाली. "चैती, ये गं इकडे!"

मुलीने एक आचका दिला. तिची छाती वर आली, ओठ थरथरले, आणि मग तिने असा काही टाहो फोडला की गाडीचे बैल दचकून उभे राहिले!

"रडली! माझी चैती रडली!" बाईने लेकीला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने गोजरीला जवळ ओढलं. "कोण गं तू? कुणाची लेक?"

"वेळूवाडीच्या हरबांची," गोजरी म्हणाली. तिला खूप आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. तळहातावर कळीच्या जागी फक्त पाण्याचा एक थेंब उरला होता.

ती घरी पोचली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. अंगण सारवलेलं होतं. वाडीतल्या बायका जमल्या होत्या. भागाबाईने हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवून आणल्या होत्या. बाबांनी बांबूच्या कोवळ्या कामट्यांचा नवा पाळणा विणला होता, आणि त्यात बाळ होतं, तसंच गप्प.

"आलीस का? कुठे होतीस गं एवढा वेळ?" आई उशीवरून मान उचलून म्हणाली. "नाव मिळालं?"

गोजरीला खोटं बोलता येत नव्हतं. तिने सगळं सांगितलं. झरा, परी, कळी, गाडीपाशी भेटलेली ती गार पडलेली मुलगी. सांगता सांगता तिला रडू फुटलं. "मी ते नाव तिला देऊन टाकलं, आई. आता आपल्या बाळासाठी काहीच नाही माझ्याकडे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गोजरीला वाटलं, आता बाबा रागावणार.

आईने विचारलं, "ती जगली का गं?"

"जगली. केवढ्याने रडली!"

आईने डोळे मिटले. "तिच्या आईला कसं वाटलं असेल," एवढंच ती म्हणाली.

बाबा उठून गोजरीपाशी आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी असतो तर मीही हेच केलं असतं, पोरी. ये. बाळ वाट बघतंय."

"पण मी त्याला काय म्हणू?"

गोजरी पाळण्याशी जाऊन उभी राहिली. सूर्य डोंगराला टेकला होता. कुडाच्या फटींतून येणारी उन्हं केशरी झाली होती, आणि त्यातल्या एका किरणावर, पाळण्याच्या दोरीच्या अगदी जवळ, परी बसली होती! ती फक्त गोजरीलाच दिसत होती.

"परीबाई," गोजरी कुजबुजली, "मी मागायला आले नव्हते हं."

"ठाऊक आहे मला," परी हसली. "म्हणून तर मीच आले. गोजरे, माझी कळी कुणी दुसऱ्यासाठी उमलवली, की तिचा गंध देणाऱ्याच्या आवाजात उतरतो. आता तुझ्या तोंडून येईल तेच नाव बाळाला जागं करील. मात्र ते तुलाच निवडायला हवं. मी नाही सांगणार."

"मोठं असायला हवं का?"

"मुळीच नाही. तुला तो कसा हवाय, ते सांग मला. राजा व्हायला हवाय? शूर हवाय? श्रीमंत?"

गोजरीने बाळाकडे पाहिलं. त्याची मिटलेली मूठ, त्याचा हळू हळू येणारा श्वास. ती म्हणाली, "मला तो नुसता सुखरूप हवाय."

परी मान तिरकी करून गोजरीकडे बघत राहिली. आणि गोजरीला एकदम कळलं.

ती वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिने हळूच केलं, "कुर्रर्र..." बायकांनी तिच्या पाठीवर हलक्या हाताने थापट्या मारल्या. आणि ती म्हणाली, "सुखरूप! ए सुखरूपा! मी तुझी ताई."

"अगंबाई, असं कुठे नाव असतं का?" कुणीतरी म्हणालं.

पण भागाबाईने हाताच्या खुणेने सगळ्यांना गप्प केलं. बाळाची पापणी हलली होती. एकदा. पुन्हा एकदा. मग दोन काळेभोर, पाणीदार डोळे उघडले आणि गोजरीच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. बाळाने तिला नीट पाहून घेतलं. त्याची हनुवटी थरथरली, इवलंसं तोंड वाकडं झालं, आणि बाळ मोठ्ठ्याने रडलं!

बाबा धावत पाळण्यापाशी आले. आई, जिला अकरा दिवस उठता आलं नव्हतं, ती कुणाच्याही हाताविना उठून बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. "द्या माझ्याकडे! द्या माझ्या सुखरूपाला!" बाळ तिच्या कुशीत गेलं आणि चुटुचुटु दूध प्यायला लागलं. इतकं भराभर प्यायलं की त्याला उचकी लागली.

गोजरीने वळून पाहिलं. परी त्या केशरी किरणावर उभी होती. तिच्या केसांतले दवाचे मणी एकेक करून उजळत होते. तिने गोजरीला हात हलवला. मग तिचे पंख उजळले, झगा उजळला, आणि सूर्य डोंगराआड गेला त्याच क्षणी परी सारीच्या सारी प्रकाश झाली. त्या प्रकाशाने खोपटं क्षणभर भरून गेलं आणि मग तो अलगद विरला. बायकांना वाटलं, दिवस मावळताना आज ऊन जरा जास्तच पिवळं पडलं.

मग घुगऱ्या वाटल्या गेल्या. भागाबाईने पाळणा म्हटला. तेवढ्यात सुखरूप पुन्हा रडायला लागला आणि रडतच राहिला. कुणीही त्याला गप्प करायला गेलं नाही. बाळ रडत होतं आणि सगळी वाडी अंगणात बसून हसत होती.

गोजरीच्या घरचं बाळ जसं सुखरूप झालं, तसंच तुमच्या घरचंही होवो.